ढ यंत्र

“पण सर, एकही चूक नाही! एकसुद्धा नाही. ह्याहून आणखी काय हवं माणसाला?”



गुर्जरसरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरव्या आणि करड्या ठिपक्यांची रांगोळी होती. मघाशीही तीच होती. म्हणजे दोष चष्म्याचा नव्हता.

दोष आपल्या डोक्याचा तर नसेल, ही भीती त्यांना सकाळपासून पोखरत होती.

शर्वरी ढमढेरे येणार असं कळल्यापासून त्यांनी अभ्यास आरंभला होता. यंत्राला शिकवतात कसं, ह्यावरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं होतं. रोज जेवणानंतर ते उघडायचं आणि रोज डुलकी लागायची. पहिल्या प्रकरणावर चहाचे डाग पडले होते, पुढची पानं नवीकोरी करकरीत.

ज्यांना देशोदेशींची माणसं पत्रं लिहून शंका विचारायची, ते गुर्जरसर आपल्याच विद्यार्थिनीसमोर बसले होते, आणि तिला काय विचारावं हेच त्यांना सुचत नव्हतं.

“सर... ऐकताय ना?”

“ऐकतोय गं. जरा सावकाश सांग. म्हातारा झालो मी.”

“हे तुम्ही माझ्या पहिल्या वर्षीही म्हणायचात.”

“तेव्हा खोटं बोलत होतो.”

सरांचं घर भोरच्या अलीकडे, नीरेच्या काठावर. निवृत्त झाल्यावर माणसं मुलांकडे जातात, तीर्थाला जातात. सर चवळीकडे आले. ओटीच्या कडेने तेलाचे रिकामे डबे मांडलेले, डब्याडब्यांत चवळीचे वेल, आणि वेलांच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. त्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूवर सरांचं आयुष्य गेलं होतं. हवेतला नत्र पकडून रोपाला भरवणारा तो जिवाणू. सर त्याला ‘आमचा’ म्हणत. त्यांच्या पत्नी विजूकाकू त्याला सवत म्हणत.

“पुन्हा एकदा सांग,” सर म्हणाले. “अगदी पहिल्यापासून. समोर मी नाही, विजू बसली आहे असं समज.”

“मला पहिल्याच खेपेला कळलं होतं हो!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

शर्वरी हसली. खुर्ची पुढे ओढून बसली. ती दमली नव्हती, कंटाळली नव्हती. पुण्याहून स्कूटरवर आली होती, केसांत अजून वारा होता आणि डोळ्यांत वरच्या श्रेणीत पास झालेल्या मुलीची चमक.

“जिवाणूची सगळी जनुकं म्हणजे एक लांबलचक मजकूर. अक्षरं चारच. बहुतेक जनुकं प्रथिनं बनवतात, ती ओळखणं सोपं. आपण शोधतो ती इवलीशी, लपलेली. ती प्रथिन बनवतच नाहीत. त्यांच्यापासून आरएनएचा एक बारीकसा धागा निघतो, आणि तो दुसऱ्या जनुकाच्या निरोपाला जाऊन चिकटतो...”

“आणि निरोप तोंडातल्या तोंडात राहतो.”

एवढं सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना जरा बरं वाटलं.

“बरोबर. गप्प करणारी जनुकं. आजवर सापडलेली अशी सगळी जनुकं मी मॉडेलला, म्हणजे ह्या शिकाऊ यंत्राला, दाखवली. म्हटलं, हे बघ, ह्याला ‘हो’ म्हणायचं. मग मजकुरातल्या रिकाम्या जागा दाखवल्या. म्हटलं, ह्याला ‘नाही’ म्हणायचं. पुन्हा पुन्हा, हजारो वेळा. आता ते आपलं आपण ओळखतं. ‘हो’ला हो, ‘नाही’ला नाही. चूक शून्य!”

“आणि नवीन?”

“नवीन काय?”

“नवीन जनुकं किती सापडली?”

शर्वरीने मान ताठ केली. ह्याच प्रश्नाची ती वाट पाहत होती.

“एकही नाही. तोच तर निष्कर्ष आहे, सर! सगळा मजकूर वाचून झाला. होती तेवढी मिळालेली आहेत, आणखी नाहीतच. शोध संपला. सोमवारी समितीसमोर हेच मांडणार आहे. निबंधावर तुमचं नाव पहिलं टाकायचंय, म्हणून स्वतः विचारायला आले.”

शोध संपला...

सर उठले. का उठलो, हे त्यांनाही नीट कळलं नाही. उठून डब्यांपाशी गेले, एक वेल मुळांसकट उपटला, माती झटकली, आणि एक गाठ अंगठ्याच्या नखाने फोडून तिच्यापुढे धरली.

आतून गाठ गुलाबी होती, गुलकंदासारखी.

“नत्राचं काम चालू आहे,” ते म्हणाले.

कोपऱ्यातल्या डब्यात नुसती धुतलेली वाळू होती. त्यातल्या वेलाला सर हिशोबाने सगळं खायला देत, फक्त लोह देत नसत. त्याचीही एक गाठ त्यांनी फोडली. फिकट, पाण्यात भिजलेल्या तांदळासारखी.

“बंद. लोह संपायला आलं की आमचा ताबडतोब हात आखडता घेतो. ज्या कामाला लोह जास्त लागतं ते आधी बंद. वेळ घालवत नाही. घरातलं धान्य सरत आलं की शहाणी गृहिणी जशी...” ते थांबले. “त्याला हे कोण सांगतं?”

“सर, हा प्रश्न तुम्ही मला मुलाखतीत विचारला होता.”

“उत्तर दिलंस?”

“नाही. ‘माहीत नाही’ म्हणाले.”

“म्हणून तुला घेतलं.”

शर्वरीने आवाज खाली आणला. आजारी माणसाशी बोलताना आणतात तसा.

“दुसऱ्या काही जिवाणूंत हे काम छोटं जनुकच करतं, मान्य. आपल्याकडे तुम्ही ते अर्धं आयुष्य शोधलंत. तुमच्या मागून मी शोधलं. आता मॉडेल म्हणतं, नाही. कधीतरी... ‘नाही’ हेही उत्तर मानायला हवं ना, सर?”

ती कुचकटपणे बोलली असती तर सरांना सोसलं असतं. मायेने बोलली, ते लागलं.

खरंच, का नाही? म्हाताऱ्या माणसांना आपले प्रश्न उत्तरांपेक्षा प्रिय होतात. सोबत म्हणून ते जपतात. आपलंही तसंच झालं असेल. पोरगी हुशार आहे, यंत्र त्याहून हुशार, आणि आपण पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात घोरणारे...

“आणि आपली प्रयोगाची टेबलं?” त्यांनी विचारलं.

“तिथे मोठे संगणक येणार. प्रयोगशाळेत अनघा आजच फ्रीजर रिकामा करतेय.”

“लोहाविना वाढवलेले नमुने?”

“तेही. आता कशाला हवेत ते?”

सर पुन्हा खुर्चीत बसले. बोटांना माती होती, ती ते एका बोटाने दुसऱ्या बोटावर पसरवत राहिले.

“हो म्हणा ना, सर.”

‘हो’ त्यांच्या जिभेच्या टोकावर आलेलं होतं. एवढ्या लांबून आली आहे, म्हणून टाकावं. पण त्याच्याआधी एक प्रश्न घशाशी येऊन बसला होता. अगदी बाळबोध. विचारला तर ती समजेल की सरांना काहीच कळलेलं नाही.

“एक मूर्ख प्रश्न विचारू?”

“विचारा की!” तिने उदारपणे हात पसरले.

“त्या रिकाम्या जागा... ज्या तू ‘नाही’ म्हणून दाखवल्यास... त्या रिकाम्या आहेत, हे कोणी सांगितलं?”

“कोणी म्हणजे? तिथे कधी कुणाला काही सापडलं नाही.”

“हं.”

“तुम्हांलाच सापडलं नाही, सर!”

“हं... तेही खरंच.”

सर खजील झाले. उगाच विचारलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात विजूकाकू चहाचे कप घेऊन ओटीवर आल्या आणि टेबलावर ठेवताना म्हणाल्या, “बिनसाखरेचा आहे गं. डबा धुंडाळला. साखर दिसली नाही.”

शर्वरी सवयीने खळखळून हसली.

ही सरांच्या प्रयोगशाळेतली जुनी थट्टा होती. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत काही उगवलं नाही, तर विद्यार्थी झाकणावर ‘नाही’ असं लिहीत. सर ते पुसायला लावत. ‘दिसलं नाही’ असं लिही, म्हणत. तुझ्या डोळ्यांचं सांग, बशीच्या पोटातलं तू सांगू नकोस. रीतच पडली. एखाद्याने चुकून ‘नाही’ लिहिलं, तर त्या दिवसाचा चहा त्याच्याकडे. मग पोरांनी ते सगळीकडे लावलं. चहाच्या रिकाम्या डब्यावर चिठ्ठी: चहा दिसला नाही. गैरहजर मुलाच्या खुर्चीवर: मोहिते दिसला नाही. काकूंच्या घरातही तोच वाक्प्रचार मुरला.

शर्वरी हसत होती... आणि मध्येच थांबली.

कप ओठांपाशी, तसाच.

“सर,” ती म्हणाली.

सर घाबरले. “काय गं? चहा गरम आहे का?”

“मॉडेलला ‘दिसलं नाही’ असं सांगताच येत नाही.”

सर तिच्याकडे वळले.

“एक किंवा शून्य. दोनच गोष्टी कळतात त्याला. मी शून्य लिहिलं.” तिने कप खाली ठेवला. “जिथे जिथे कुणाला काही दिसलं नव्हतं, तिथे तिथे मी ‘नाही’ असं लिहिलं. सगळ्या मजकुरावर. आणि मग त्यालाच विचारलं, बाबा, तिथे काही आहे का?”

नदीच्या बाजूने कुणी तरी म्हशींना हाका मारत होतं.

“मी सांगितलं तेच त्याने मला परत सांगितलं. आणि मी पेढे वाटायला निघाले.”

सरांनी मुळीच काही सिद्ध करायला प्रश्न विचारला नव्हता. पोरीचा चेहरा उतरलेला पाहून त्यांचाच जीव कासावीस झाला. बोलायचं म्हणून ते बोलले, “असं करू नकोस. ते... ते पहिल्यापासून एवढं हुशार होतं का?”

“कुठलं! आधी तर पक्कं ढ होतं.”

“ढ म्हणजे कसं?”

“म्हणजे ‘नाही’ असं शिकवलेल्या जागेलाही ‘हो’ म्हणायचं. एकदा सांगून ऐकायचं नाही. मग मी दंड वाढवला. आकड्यांतला दंड असतो, सर. चुकीचं ‘हो’ म्हटलं की गुण कापायचे. कापत गेले, कापत गेले, तेव्हा कुठे सुधारलं.”

“सुधारलं...” सरांनी हळूच विचारलं, “की गप्प बसलं?”

शर्वरी त्यांच्याकडे बघतच राहिली.

सरांना एकाएकी हुरूप आला. तो त्यांच्या ओळखीचा होता. फार दिवसांनी आला होता.

“ते ढ आहे का गं अजून? की पुसून टाकलंस?”

“जुन्या फोल्डरमध्ये असेल कुठे तरी.”

“बोलाव त्याला.”

“कुणाला?”

“ढ ला! ह्या हुशाराला जरा वेळ बाहेर खेळू दे.”

शर्वरीची बोटं पळू लागली. सर खुर्ची सरकवत तिच्या शेजारी आले, मग अवघडल्यासारखे पुन्हा मागे सरकले, मग न राहवून पुन्हा पुढे आले. काकू दारातच उभ्या राहिल्या. चहा निवतोय हे सांगायलाही विसरल्या.

“सापडलं! चालू करते.” जरा वेळाने ती म्हणाली, “बघा, लागलं ‘हो, हो’ करायला. इथे हो, इथे हो...”

“त्या सगळ्यांत त्याने सर्वांत जास्त हट्ट कुठे केला?”

“म्हणजे?”

“मार खाऊनही कुठे बधलं नाही? शेवटपर्यंत?”

शर्वरीने ओठ चावला. “एक जागा आहे. सगळ्या चुका सुटल्या, ती सुटेना. कितीही दंड करा, हो म्हणजे हो. अगदी शेवटच्या दंडाला गप्प झालं. तोवर मी इतकी वैतागले होते, की त्या जागेला नावच ठेवलं होतं.”

“काय नाव?”

तिने मान खाली घातली.

“सांग की.”

“...गुर्जर.”

दारातून काकूंचं हसू फुटलं ते थांबेचना. सर आधी गोरेमोरे झाले, आणि मग त्यांनाही हसू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“वाच,” ते म्हणाले, “हा गुर्जर काय म्हणतो ते वाच. थोडं आधीपासून वाच, जिथून जनुक सुरू होईल त्याच्या अलीकडून.”

शर्वरी वाचू लागली. एकेक अक्षर, शाळेत उजळणी म्हणतात तसं. सरांनी डोळे मिटले. पडद्यावरची रांगोळी त्यांना कळत नव्हती. पण ही चार अक्षरं त्यांनी उभा जन्म वाचली होती, यंत्रं ती छापून देऊ लागण्याच्या आधीच्या काळात, उजेडावर धरलेल्या फिल्मवर, एकेक पट्टा मोजत.

“ए, ए, सी, टी, जी, ए...”

“थांब!” सर जवळजवळ ओरडले. “टी, जी, ए. बरोबर? आता नऊ अक्षरं सोड. काहीही असू देत. नवाच्या पुढची तीन बघ. टी... सी... ए.”

शर्वरीचं बोट पडद्यावर सरकलं. थांबलं.

“टी, सी, ए,” ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “सर! तुम्ही तर पडद्याकडे बघतसुद्धा नव्हता!”

“पहारेकऱ्याची खूण आहे ती,” सर म्हणाले. शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते. “लोहाचा पहारेकरी, शर्वरी! आमच्याकडे एक प्रथिन आहे ना, लोह भरपूर असलं की नेमक्या ह्या अक्षरांवर बूड टेकून बसतं. मग पुढचं जनुक उघडत नाही. लोह संपलं की उठून जातं. मग...”

“मग पुढचं उघडतं.”

“पुढे काय आहे? पुढे?”

“पुढे ‘रिकामी जागा’, सर.”



“विजू, कात्री! आणि कालनिर्णय... नाही, नाही, मागच्या महिन्याचं पान दे!”

काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं जुनं पान फाडून दिलं. सरांनी त्याच्या कोऱ्या कडेची लांब पट्टी कापली. कापली वाकडीच.

“आता शेवट सांग. जिथे ढ म्हणतं की इथे संपलं, तिथली अक्षरं.”

“सर, हे मी संगणकावर एका मिनिटात दाखवते...”

“मला कळेल असं दाखव.”

ती सांगत गेली. ते पट्टीवर लिहीत गेले. अक्षर ठळक होतं.

जी, सी, सी, सी, जी, जी, सी.

टी, ए, ए, टी.

जी, सी, सी, जी, जी, जी, सी.

आणि मग टी, टी, टी, टी, टी, टी...

“पुरे.”

सरांनी पट्टी दोन्ही हातांत धरली. अक्षरांचा एक नियम असतो: जीची जोडी सीशी, एची टीशी. आरएनएच्या धाग्यात टीच्या जागी दुसरं अक्षर येतं इतकंच, नातं तेच राहतं. आणि असल्या छोट्या जनुकांचा धागा संपतो कुठे, तर जिथे तो स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो, तिथे. आकडा, आणि त्याच्या शेवटी टीची रांग. सरांनी वर्गात हे कितीदा फळ्यावर काढलं असेल.

त्यांनी पट्टी मधोमध दुमडली.

पहिली जी शेवटच्या सीसमोर आली.

दुसरी सी... जीसमोर.

“सी, जी,” शर्वरी पुटपुटली. “पुन्हा सी, जी. मग जी, सी. जी, सी...”

“आणि ही सी,” सर म्हणाले.

“जीसमोर.”

दोन्ही बाजूंचं एकही अक्षर एकटं उरलं नाही. वर चार अक्षरांचा फुगवटा, आणि खाली टीची शेपटी लोंबत होती.

दुमडलेली पट्टी सरांनी तिच्यापुढे धरली.

“आहे!” शर्वरी उभी राहिली. खुर्ची मागे पडली. “सर, आहे! ते सारखं सांगत होतं! मी त्याला मारत होते, आणि ते सांगत होतं, अगं आहे, आहे, आहे!”

“हळू, हळू...”

“हळू काय! तुमचं गप्प करणारं जनुक आहे हे!”

“दिसतंय,” सर म्हणाले.

त्यांचा चेहरा एकाएकी चिंतेने भरला. आनंद झाला की त्यांना नेहमीच भीती वाटायची. “दिसतंय एवढंच म्हण. आहे म्हणू नकोस. म्हाताऱ्याला हवं ते दिसतं. ढ ला काय, मला काय, हट्टच असतो. धागा खरोखर निघतो का, लोह संपल्यावरच निघतो का, हे कागदाची पट्टी सांगणार नाही. त्याला नमुने लागतील. लोहाविना वाढवलेले...”

शर्वरीचा रंग उडाला.

“फ्रीजर!”

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सर पट्टी छातीशी धरून उभे होते. गोळी घ्यायची राहिली होती, तीही आठवली नाही.

“अनघा? अगं, फ्रीजरला हात लावू नकोस!... काय?... किती काढलंस?... वरचा कप्पा. सगळा?... गेला?”

सर फोनला कान लावायला पुढे सरकले.

“आणि खालचा?... अनघा, नीट बघून सांग. डावीकडे लाल झाकणांच्या नळ्या... मग उघड ना, बघ!... हातमोजे नंतर घाल, आधी बघ!”



सर पुटपुटत होते. देवाचं नाव असावं. पण शर्वरीला नंतर वाटलं, ते टी, जी, ए असंच काहीतरी म्हणत असावेत.

“आहेत?” तिचा आवाज फाटला. “सगळ्या? तशाच? गोठलेल्या?... तू दार लाव. आत्ताच्या आत्ता दार लाव, आणि त्याच्यासमोर उभी राहा. मी निघाले!... काय झालं म्हणजे? गुर्जर खरं बोलत होता!... अगं सर नाही गं, तो दुसरा!”

फोन ठेवला आणि तिने वाकून सरांच्या पायांना हात लावला. तसाच काकूंच्याही. लॅपटॉप पिशवीत कोंबला, अर्धा कप चहा उभ्यानेच घशाखाली घातला आणि पायऱ्या उतरून स्कूटरपाशी गेली सुद्धा. हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता ती थांबली.

परत आली.

आता तिच्या डोळ्यांत मघाची चमक नव्हती. दुसरीच होती, तीत थोडी भीती मिसळलेली होती. सरांना ती जास्त आवडली.

“सर, पट्टी देता?”

सरांचा हात क्षणभर मागे गेला. मग त्यांनी दुमडलेली पट्टी तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिची मूठ स्वतःच्या हातांनी मिटली.

“तुमचं नाव?”

“खाली टाक. ढ च्या खाली.”

ती हसली. मग हसू मावळलं.

“पण सोमवारी, सर... इतक्यात काहीच सिद्ध झालेलं नसणार. ‘शोध संपला’ हे तर आता म्हणता येत नाही. ‘सापडलं’ हेही म्हणता येत नाही. आणि ती माणसं आल्या आल्या एकच प्रश्न विचारतात. तुमचं मॉडेल किती वेळा चुकतं?” तिने हेल्मेटची पट्टी घट्ट केली. “मघापर्यंत माझं उत्तर तयार होतं. आता काय सांगू?”

सरांनी ओटीवरची फुटलेली गाठ उचलली. फिकट, वाळूतली. ती त्यांनी उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि पुन्हा त्याच डब्यात, वेलाच्या मुळाशी ठेवून दिली.

“सांग त्यांना...” ते म्हणाले, “अजून पुरेसं चुकत नाही.”